शितपची लाइन

माझा भाचा परदेशात असतो. गेल्या महिन्यात त्याने फोटो पाठवले. स्पेनमध्ये कुठेसा आठ दिवस सायकलवरून फिरला म्हणे. दोन्ही अंगांना ऑलिव्हच्या बागा आणि मधून सपाट वाट. खाली लिहिलं होतं, 'मामा, ही पूर्वी रेल्वे होती. गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले आणि वाट सायकलवाल्यांना दिली. एक चढ लागत नाही!' त्याला वाटलं असणार, मामा तोंडात बोट घालतील. मी बायकोला म्हटलं, "यात काय एवढं? आमच्या शितपने रेल्वे यायच्या आधीच तिच्यावरून सायकल हाणली." ती म्हणाली, "जेवताना त्याचं पुराण नको हां." म्हणून इथे लिहितो.

दत्ताराम शितप रत्नागिरीला आमच्या कचेरीत शिपाई होता. मी तिथे कारकून. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, पण शिपायाला अहोजाहो करायची तेव्हा कचेरीत पद्धत नव्हती आणि ती सवय मोडायला मी फार उशीर केला. अंगाने काटकुळा, पोटऱ्या मात्र दगडासारख्या. खाकी हाफपँट त्याने कधी सोडली नाही. सरकारने फुलपँटचं कापड दिलं, तर ते त्याने जावयाला देऊन टाकलं. टपाल वाटायला सायकल वापरायचा आणि तिची अशी बडदास्त ठेवायचा की साहेब एकदा म्हणाले, "शितप, माझ्या जीपकडे जरा लक्ष दे रे." त्यावर हा गंभीरपणे म्हणतो, "जीपला काय व्हतंय सायेब, ती इंजनावर चालते. ही माझ्यावर चालते."

मी त्याच्या नादी लागलो तो डॉक्टरमुळे. एकतिसाव्या वर्षी माझं पोट टेबलाला टेकायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला नाहीतर सायकल चालवा. मला दोन्ही आवडत नाही. अजूनही नाही. रविवारी सुरमई आणावी, भात जेवावा, आडवं व्हावं, हा माझा धर्म. पण डॉक्टरचं हे सांगणं कचेरीत कोणीतरी फोडलं आणि शनिवारी संध्याकाळी शितप टेबलाशी येऊन उभा.

"भाऊसाब, उद्या साडेसहाला. भाकरी घेऊन या."

"कुठे?"

"लाइनीवर."

रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. पंचवीस वर्षं येणार येणार म्हणत होते, निवडणूक आली की जास्तच म्हणत होते. मी म्हटलं, "कुठली लाइन रे बाबा?" तो म्हणाला, "या तर खरं."

दुसऱ्या दिवशी कळलं. साठीच्या सालांत कधीतरी रेल्वेची पाहणी झाली होती. बाहेरून साहेब आले, दुर्बिणी आल्या, आणि मोजणीची साखळी ओढायला, दगड रोवायला गावातली माणसं रोजावर घेतली. त्यांत शितप. दोन हिवाळे त्याने साखळी ओढली. पांढरे दगड रोवत गेले, मधलं रान तोडत गेले आणि मग साहेब लोक निघून गेले. गाडी काही आली नाही. दगड राहिले, आणि तोडलेल्या रानातून गुरं आणि माणसं चालून चालून एक पायवाट राहिली.

आता कोकणात सायकल चालवायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. उतारावर मिळवलेलं सगळं पुढच्या चढावर जातं. पण रेल्वेला चढ चालत नाही. ती डोंगराच्या अंगाअंगाने, काजूच्या बागांतून, भातखाचरांच्या कडेने अशी जाते की चढतोय हे कळूही नये. शितपचं म्हणणं एवढंच की गाडी जर चढत नाही, तर आपण का चढायचं? जिल्हाभर माणसं घामाघूम होऊन घाटी चढत होती आणि हा एकटा न आलेल्या रेल्वेच्या वाटेने शीळ घालत चालला होता. पहिल्या दिवशी कबूल केलं नाही, पण मला मजा आली.

अर्थात पूर्ण वाट सपाट कशी असेल? मध्येच डोंगर आडवा यायचा. शितप घंटी वाजवून ओरडायचा, "बोगदा आला!" म्हणजे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि करवंदीच्या जाळीतून डोंगर चढून पलीकडे उतरायचं. कारण गाडी आतून जाणार होती, आम्ही वरून. तसंच "पूल आला!" म्हणजे वहाळात उतरायचं, ढोपरभर पाण्यात, सायकल डोक्यावर. एका बोगद्यावर माझी चप्पल तुटली, काटे लागले आणि मी त्याला चांगला झाडला. म्हटलं, "शितप, हा तुझा बोगदा आहे की काय आहे?" तो शांतपणे म्हणाला, "आत दिवे नायत अजून. वरनं बरं, उजेड तरी हाय."

स्टेशनंही होती. कातळाच्या सड्यावर जिथे पाहणीवाल्यांनी चार दगड चौकोनात रोवले होते, तिथे स्टेशन. तिथे तो सायकल स्टँडवर लावायचा, काजूच्या सावलीत बसायचा, भाकरी सोडायचा. भाकरी, सुकटाची चटणी, कांदा. खाऊन झालं की मी उठायचो, तर म्हणायचा, "बसा वायच. क्रॉसिंग हाय." आणि खरोखर दहा मिनिटं समोरच्या रिकाम्या सड्याकडे बघत बसायचा. सुरुवातीला मला वाटलं, हा थट्टा करतोय. मग वाटलं, हा थोडा वेडा आहे. मग मीही बसायला लागलो. जेवल्यावर दहा मिनिटं बसलं की पोटऱ्या दुखत नाहीत, एवढाच त्यातला अर्थ होता. पण तो तसं सांगेल तर शितप कसला!

दर जानेवारीत दोन-तीन सुट्ट्या जोडून आल्या की आम्ही लांबची फेरी काढायचो. देवळात मुक्काम, विहिरीवर आंघोळ. आंब्याला मोहोर आलेला असायचा आणि मैलच्या मैल त्या वासातून सायकल चालवायची. तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. हापूसच्या कलमांची बाग दाट, दगडी गडग्याने बांधलेली, आणि तिच्या बरोबर मधून शंभरेक फुटांचा मोकळा पट्टा. पुढच्या बागेत पुन्हा तसाच. डोक्यातल्या भांगासारखा. पांढरे दगड त्या पट्ट्यात उभे. मी म्हटलं, "इथली झाडं तुम्ही तोडली होतीत काय रे?"

"नाय," शितप म्हणाला. "हितं लावलीच नायत."

बस्स, पुढे बोलला नाही. तो एरवी बडबड्या, म्हणून मला ते खटकलं.

या वाटेवरच्या एका वाडीत आम्ही नेहमी थांबायचो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिथे पार्वतीवहिनींचं घर. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत होते, मग गिरणी बंद पडली तेव्हा खोकला घेऊन घरी आले आणि पडवीतल्या बाजल्यावर पडून असायचे. मुलं मुंबईला. पाहणीच्या वेळी शितप या घराच्या पडवीत महिनाभर राहिला होता आणि वहिनींच्या हातची भाकरी जेवला होता, तेव्हापासून त्याला त्या भावजी म्हणत. घराखाली विहीर आणि विहिरीलगत त्यांची सगळ्यांत चांगली जमीन. तांबडी, खोल माती, कडेला पाणी. त्या जमिनीत काही नव्हतं. गवत आणि मधोमध एक पांढरा दगड.

आम्ही पोचलो की वहिनी गूळ-पाणी आणायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या.

"काय खबर, भावजी? येतेय काय गाडी?"

"येणार म्हणतायत," शितप म्हणायचा. पाणी पिऊन लगेच उठायचा. इथे क्रॉसिंग कधी नसायचं.

एकदा असाच निघत होता, तर वाडीतले चार-पाच जण माझ्याभोवती जमले. माझा शर्ट-पँट, चष्मा, खिशाला पेन. त्यांना वाटलं, साहेब आला. एकाने अर्ज पुढे केला, एकाने नारळ. मीही काय सांगू, जरा ताठ उभा राहिलो. शितप गर्दीत घुसला आणि मोठ्याने म्हणाला, "ओ, ह्ये कारकून हायत. ह्यांच्या हातात काय नाय. उगाच ह्यांना काय विचारू नका, नि ह्ये बोलले तर खरं धरू नका." माझा असा पाणउतारा कोणी केला नव्हता. वाटेत मी त्याच्याशी बोललो नाही. दोन स्टेशनं गेली. मग तोच बोलला.

"राग आला काय, भाऊसाब?"

"नाही येणार? मी काही त्यांना फसवत नव्हतो."

"मी फसवलं," तो म्हणाला.

सायकली गडग्याला टेकवून त्याने मला सगळं सांगितलं. पाहणी चालू होती तेव्हा साहेब लोक गावकऱ्यांशी बोलत नसत, त्यांची भाषाही निराळी. मग लोक शितपला विचारायचे, तो आपल्यातला ना! हातात साखळी, डोक्यावर सरकारी टोपी. तो सांगायचा, "दोन वर्षांत गाडी येते. पट्ट्यात कलमं लावू नका, उपटून टाकतील नि दमडी मिळायची नाय." हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबाने नाही, ओव्हरसियरने नाही. लोक तोंडाकडे बघत उभे राहायचे, तर काहीतरी सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं. शिकल्यासवरल्या, कचेऱ्यांत ओळख असलेल्या घरांनी त्याचं ऐकलं नाही. उलट त्यांनी मुद्दाम पट्ट्यात झाडं लावली, सरकारने घेतली तर झाडाचे पैसे वेगळे मिळतात म्हणून. ऐकलं ते त्याच्याच माणसांनी. जी त्याला भाकरी वाढत होती त्यांनी.

"पार्वतीवहिनी तवा नवी नवरी," तो म्हणाला. "माहेरनं अकरा कलमं आणलेली. मातीचे गोळे पेंढ्यात बांधून, बैलगाडीतनं. खड्डे पण मारलेले. मी सांगितलं, लावू नका. तिनं ती नणंदेला देऊन टाकली. आता नणंदेच्या बागेत ती अकरा झाडं बगा कशी झालीत. नि मे महिन्यात वहिनी तितं जाते, पेंढा घालून पेट्या भरायला. मजुरीवर."

मी म्हटलं, "मग सांगून टाक ना एकदा! लावा म्हणावं. अठरा वर्षं झाली."

"नि उद्या खरंच गाडी आली तर?"

पण मी तापट माणूस, मी त्याला म्हटलं की मग दर वर्षी तिच्या दारात जाऊन गूळ कशाला खातोस? हे मी बोलायला नको होतं. परत येईपर्यंत त्याने घंटीसुद्धा वाजवली नाही.

त्यानंतरच्या जुलैत, भातलावणी उरकल्यावर, एका रविवारी सकाळी तो माझ्या दाराशी आला. सायकलच्या कॅरियरवर टोपली, टोपलीत चार कलमं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. मागून त्यांचे शेंडे हलत होते. वीस-बावीस किलोमीटर चिखलातून आम्ही ती नेली. बोगद्यावर मी सायकली नेल्या आणि त्याने टोपली डोक्यावर. मातीचा गोळा फुटला तर कलम मरतं, म्हणून वाटेत त्याने चार वेळा उतरून बघितलं.

वहिनी अंगणात होत्या. शेजारी दोघं-तिघं होते. शितपने टोपली खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांदेखत बोलला. "वहिनी, मी तवा सांगितलं ते मला म्हाईत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. मोठेपणा म्हणून बोललो. ही चार आणलीत. लावा."

मला वाटलं होतं, बाई रडेल, किंवा म्हणेल जाऊ दे. आपण पुस्तकांत तसं वाचतो ना! वहिनी म्हणाल्या, "आठरा वर्सं, भावजी. माझी पोरं लोकांच्या झाडाखालचे पडके आंबे वेचून मोठी झाली. मी दर साली इचारते, तुमी दर साली येणार म्हणता. जल्लं तुमचं तोंड!" पडवीतून त्यांचे यजमान खोकत म्हणाले, "अगो, आसूं दे." तर त्यांच्यावरही ओरडल्या. मग टोपली उचलून घरात नेली आणि दारातूनच म्हणाल्या, "आता जावा. नि बोलावल्याबिगर येऊ नका."

पाणी मिळालं नाही. परतीच्या वाटेवर शितप ढसाढसा रडला. सायकल चालवता चालवता, हातांनी हँडल धरून, डोळे न पुसता. मी मागून आपला पायडल मारत होतो.

पाच वर्षं गेली. आम्ही लाइनीवर जातच होतो, पण त्या वाडीच्या अलीकडच्या स्टेशनावरून माघारी फिरायचो. पलीकडे त्याने सायकल कधी नेली नाही. दर मे महिन्यात टपालाची पिशवी उतरवून घेताना तो त्या बाजूच्या एसटीच्या कंडक्टरला विचारायचा, "काय निरोप?" कंडक्टर मान हलवायचा. कलमं लागली की मेली, हेही आम्हांला माहीत नव्हतं. मी एकदा म्हटलं, "मी जाऊन बघून येऊ?" तो म्हणाला, "तुमाला बोलावलंय काय?"

मग एका हिवाळ्यात नवी पाहणी सुरू झाली. जीपगाड्या, नवी यंत्रं, लाल डोक्याचे खुंट. या वेळी काम जोरात दिसत होतं. कचेरीत रोज चर्चा. शितप त्यात कधी पडला नाही. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. त्याच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. कलमं जगली असतील तर आता कुठे फळाला आली असतील, आणि त्यांतूनच जर लाल खुंट गेला असेल, तर त्या बाईला त्याने दुसऱ्यांदा बुडवलं.

जुलैत कंडक्टरने निरोप आणला. वाडीवर बोलावलंय, रविवारी.

आम्ही गेलो. बोगदा आला, पूल आला, तो काही ओरडला नाही. वाडीत शिरल्यावर सायकल हातात धरून चालत गेला. विहिरीखाली चारही कलमं उभी होती, माझ्या उंचीपेक्षा वर गेलेली, अंगाने भरलेली. आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध लाल डोक्याचा खुंट. शितपने तो बघितला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, हा आता माघारी फिरतो.

वहिनी वरून उतरून आल्या. केस पांढरे झाले होते, कपाळ मोकळं होतं. यजमान गेल्या वर्षी गेले, हे आम्हांला तेव्हा कळलं. मागोमाग वाडीतली माणसंही आली. वहिनी म्हणाल्या, "औंदा पयलं फळ आलं. दोन पेट्या भरल्या. माझ्या हातानं, माझ्या घरात." मग त्या खुंटाकडे हात करून म्हणाल्या, "नि ह्ये ठोकून गेले. कोणी काय सांगत नाय. अजून खाली जागा हाय, भावजी. लावू, की नको?"

इतक्या वर्षांनी, इतकं झाल्यावर, ती बाई पुन्हा त्यालाच विचारत होती. आणि माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. शितपचे ओठ दोनदा हलले. मला वाटलं, आता हा 'लावा' म्हणणार. माझ्या तोंडाशी तर आलंच होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "मला ठाऊक नाय."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं.

"ह्येच त्या दिशी बोलला आसताव, तर काय गेलं आसतं तुमचं?"

"मोठेपणा गेला आसता," शितप म्हणाला.

त्यावर ती बाई हसली. मी तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं. पदराने तोंड पुसून म्हणाली, "बरं. पडवीत कलमं ठेवलीत, ती आणा. एकेक आणा, गोळा फुटंल."

पुढे काही वर्षांनी गाडी खरोखर आली, ती त्या वाडीच्या बरीच वरून, डोंगराच्या पोटातून गेली. पण त्या दिवशी हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं, आणि शितप ते बघायला राहिला नाही. महिन्याभरात माझी बदली झाली, मग तो निवृत्त झाला आणि दोन वर्षांत गेल्याचं कार्ड आलं. मी त्याला शेवटचं नीट पाहिलं ते त्याच दिवशी.

खड्डे आधीच खणून ठेवले होते, पण वहिनींना ते आता पसंत पडेनात. शितप अनवाणी, ढोपरापर्यंत चिखल, दोन्ही हातांत कलम धरून उभा होता.

"हितं?" त्याने विचारलं.

"नको. वायच अलीकडं."

तो एक पाऊल अलीकडे आला. "हितं?"

"आजून वायच."

तो आणखी सरकला, आणि वहिनींनी मान हलवल्यावर त्याने कलम खाली ठेवलं.